व्याह्यांची जकात चौकी

आमच्या व्याह्यांइतका वर्तमानकाळावर रुसलेला माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. देह पनवेलच्या बाजारातल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात आणि जीव अडीचशे वर्षं मागे. गिऱ्हाईक एका डोळ्यावर हात धरून भिंतीवरची अक्षरं वाचत असायचं आणि हे त्याला मध्येच विचारायचे, "तुमचं मूळ गाव कुठलं हो? तिथून इथल्या बंदरावर यायला बैलगाडीला किती मुक्काम पडत असतील?" गिऱ्हाईक बिचारं अक्षरं सोडून मुक्काम मोजायला लागायचं. कोणी कौतुकाने म्हणालं, पनवेल आता ओळखू येत नाही, टॉवर काय, विमानतळ काय, की हे पडेल चेहऱ्याने म्हणायचे, "हो ना. बैल गेले सगळे." जणू बैल कालपरवापर्यंत इथेच होते आणि यांना न सांगता निघून गेले. ऐकणाऱ्याला हसू यायचंच. पण हसून झाल्यावर आपल्यालाही उगाच काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. ही त्यांच्या वेडाची लागण. मला ती चांगलीच झाली.

झाली ती मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमात. आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला नव्या इमारतीत राहतो, तिथे ही मंडळी आली. मुलगा-मुलगी एकमेकांना आधीच पसंत होती, त्यामुळे कार्यक्रम नावापुरता. बायकोने बटाटेपोहे केले होते. व्याह्यांनी बशी हातात घेतली आणि एकेक बटाटा चमच्याने काढून कडेला ओळीने मांडला. बायकोचा चेहरा उतरला. "काही चुकलं का?" "छे छे, पोहे उत्तम झालेत," ते म्हणाले, "फक्त बटाटा अजून आलेला नाही." बायको लगबगीने आत गेली आणि आणखी बटाटे आणून त्यांच्या बशीत वाढून मोकळी झाली. आता काय बोलायचं! तेव्हा शेजारी बसलेल्या विहीणबाई खळखळून हसल्या. नवऱ्याच्या बशीतले सगळे बटाटे त्यांनी आपल्या बशीत ओढून घेतले आणि म्हणाल्या, "यांच्या काळात बटाटा नाही हो. लग्न झाल्यापासून यांचा बटाटा मीच खाते. या इतिहासाचा मला झालेला तेवढाच फायदा." या घरात मुलगी द्यायची हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. मुलगा काय करतो ते मागाहून विचारलं.

तर हे आमचे व्याही दर हिवाळ्यात आपट्याला, पाताळगंगेच्या काठी, पेशवाईतली जकात चौकी लावत. लावत म्हणजे खरोखर लावत. कोन गावचे एक शेठ त्यांचे जुने दोस्त, त्यांची नदीला लागून वाडी आहे. तिथे एखादा शनिवार-रविवार गवताने शाकारलेली खोपी, वाटेवर आडवा बांबू, पाण्याची मातीची घागर, आणि अंगरखे-मुंडाशात आम्ही चार-सहा टाळकी. इतिहासाचे इतर हौशी लोक ढालतलवारी घेऊन एकमेकांवर धावून जातात, फोटो काढतात, घामाघूम होऊन मिसळ खातात. व्याह्यांना लढाईचं बिलकूल प्रेम नाही. "लढाई कधीतरी व्हायची, व्याही," ते मला समजावत. "बाकीचं वर्षभर माणसं काय करायची? बसायची. वाट बघायची. ते कोणी करून बघतच नाही!" ते स्वतः चौकीचे हवालदार, शेठ कारकून, आणि आमच्या ओळखीचे एक दातांचे डॉक्टर शिपाई. मी पडलो मुलीचा बाप, नाही म्हणायची सोय नाही, म्हणून मी बैल घेऊन येणारा मिठाचा व्यापारी. सकाळी मी यायचं, माझी गोण तपासली जायची, मूठभर मीठ सरकारजमा व्हायचं, आणि मग मी झाडाखाली बसून राहायचं. पहिल्याच वर्षी शेठ कंटाळले. म्हणाले, "मंग आता आमी काय कराचा?"

"बसायचं."

"बसून काय कराचा?"

"वाट बघायची."

"कोनाची?"

"जो कोणी येईल त्याची."

"आनि कोन नायच आला तर?"

व्याह्यांच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं. ते म्हणाले, "तर ते अगदी अस्सल होईल."

अस्सलपणाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे. घड्याळ नाही, मोबाईल नाही, चहा नाही, टोमॅटो नाही, चेन नाही, बटण नाही. आतल्या चड्डीचं इलॅस्टिकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कसं कळायचं कोण जाणे. डॉक्टरांच्या एका दाढेवर चकचकीत टोपी आहे, तर त्यांना बजावलेलं, "जांभई देताना हात आडवा धरत चला." या डॉक्टरांचा खरा जीव कमरेच्या तलवारीत. ती त्यांनी हौसेने घडवून घेतलेली. पण व्याही ती म्यानातून काढूच देत नसत. "जकातीच्या नाक्यावर शिपाई तलवार कशाला उपसेल? काय घडलंय?" "मग घडवा ना काहीतरी!" डॉक्टर काकुळतीला येत. "इथे काही घडल्याचा पुरावा नाही," व्याही म्हणत, आणि विषय संपे. दोन दिवस दुसऱ्यांचे दात न उपटता राहायचं आणि वर तलवारही नाही उपसायची. डॉक्टरांची फारच कुचंबणा व्हायची.

सगळ्यात कडक नियम मात्र त्यांनी स्वतःलाच लावून घेतला होता. चौकीवर पाऊल ठेवलं की चष्मा काढून पिशवीत. आणि चष्मा म्हणजे कसला, बाटलीच्या बुडाएवढा जाड! मी म्हटलं, अहो, त्या काळी चष्मे नव्हते का? "होते. पण बड्या लोकांकडे. आपट्याच्या हवालदाराला कोण देतोय चष्मा?" म्हणजे वर्षभर पनवेलकरांच्या डोळ्यांची काळजी वाहणारा हा गृहस्थ ज्या दोन दिवसांसाठी जगायचा, ते दोन दिवस त्याला धुक्यात काढावे लागत. एकदा वाटेवरून एक कोळीण सुका जवळा घेऊन चालली होती. खरीखुरी, आमच्यातली नव्हे. व्याह्यांना कोणीतरी येतंय एवढंच दिसलं. त्यांनी बांबू आडवा धरला आणि दरडावून विचारलं, "टोपलीत काय माल आहे?" बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हायवेला टोल, आता हितं पन टोल? कोन तुमी? बहुरूपी हाव काय?" व्याही तसूभर हलले नाहीत. "चौकीचा दस्तूर आहे बाई. मूठभर द्या आणि जा." बाईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. माणूस म्हातारा, कपडे असले, नजर कुठे ठरत नाही. तिला काय वाटलं देव जाणे, तिने खरंच मूठभर जवळा त्यांच्या ओंजळीत टाकला आणि म्हणाली, "घ्या बाबा, भाजून खावा." व्याह्यांचे डोळे भरून आले. पुढचा महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, "खरी जकात वसूल केली!" ती भीक होती हे सांगायचं धाडस आमच्यापैकी कोणाला झालं नाही.

या सगळ्यात त्यांच्या मनात एक सल होता, आणि तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. चौकीवर विहीणबाई नसत. पहिल्या वर्षी त्या मोठ्या उत्साहाने आल्या होत्या. लुगडं नेसून, नथ घालून, टॉवेल-साबण घेऊन. व्याह्यांनी त्यांना हवालदाराची बायको केलं, म्हणजे दुसरं करणार काय, आणि तीन दगडांच्या चुलीसमोर बसवलं. ओली लाकडं, डोळ्यांत धूर, आणि भाकऱ्या थापायच्या आम्हा सगळ्यांसाठी. बरं, बायकांनी मागून जेवायचं हाही दस्तूरच. त्यांची पाळी येईपर्यंत डॉक्टरांनी कुळथाचं पिठलं चाटूनपुसून संपवलं होतं. विहीणबाईंनी मिठाबरोबर भाकरी खाल्ली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "अहो, त्या काळी मी बसायचे कधी?" दुसरा नवरा असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं. यांनी खूप वेळ विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "बसल्याचा काही पुरावा नाही." विहीणबाई तेव्हाही हसल्याच. पण दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "तुमच्या काळात जे करायचं ते मी या काळात करतेच आहे. आणि इथे निदान गॅस आहे. तुम्ही जाऊन या." मग त्या यायच्या थांबल्या त्या थांबल्याच.

व्याही ते मनाला लावून घेतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण चौकीवर बसल्या बसल्या ते मधूनच म्हणायचे, "आत्ता ती असती तर या बगळ्यांवर काहीतरी बोलली असती." किंवा जेवताना, "तिला हा वारा आवडला असता." घरी परतल्यावर विहीणबाई उत्साहाने विचारायच्या, कोण आलं, काय झालं, हे सगळं साग्रसंगीत सांगायचे, त्या पोट धरधरून हसायच्या, आणि सांगून संपलं की हे चष्मा काढून पुसत बसायचे. माणसाला त्याचं सर्वांत लाडकं माणूस एका काळात आणि सर्वांत लाडकी जागा दुसऱ्या काळात मिळावी, ही काय कमी पंचाईत आहे? मला त्यांची फार दया यायची.

मग ते कामाला लागले. पेशवाईत बाईला नुसतं बसून राहता येईल अशी एखादी जागा शोधायची, आणि तीही खोटी नको! सवलत म्हणून खुर्ची देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दोन-तीन हिवाळे यात गेले. दुकानात जावं तर एखादी कल्पना घेऊन बसलेले. "सुईण? नको, तिला काम फार. तीर्थयात्रेला निघालेली श्रीमंत विधवा? ती बसते, खाते, चौकशा करते, छान आहे." ही कल्पना त्यांनी विहीणबाईंसमोर मांडली. त्या म्हणाल्या, "वा! माझा नवरा समोर हवालदार म्हणून बसलेला आणि मी त्याची विधवा?" तीही बारगळली. आणि एके दिवशी त्यांचा मला फोन. "व्याही, सापडली! सरदाराची बायको. माहेरी चाललीय. मेण्यातून! चौकीवर मेणा अडवतात, परवाना तपासतात, त्याला वेळ लागतो. तोवर तिने करायचं काय? काहीच नाही. बसायचं!"

मेणा म्हणजे बंदिस्त पालखी. ती आली की भोई आले, आणि भोई म्हणजे आम्हीच. शेठनी सुताराकडून बांबू-लाकडाचा मेणा करून घेतला, त्याला लाल पडदे शिवले, आणि तालीम आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये. आत तांदळाची पोती. पुढे शेठ आणि त्यांचा मेहुणा, मागे डॉक्टर आणि मी. मुलीच्या बापाला सासरच्यांचा भार सोसावा लागतो असं ऐकून होतो, पण तो असा खांद्यावर येईल असं वाटलं नव्हतं. सेक्रेटरीने येऊन विचारलं, कोणाचं लग्न आहे? शेठ धापा टाकत म्हणाले, "लग्न कवाच झालाय. आता वरात काडतोय." व्याही बाजूने चालत होते आणि ओरडत होते, "हिंदकळू देऊ नका! आत ती आहे असं समजा!" पोत्यांकडे इतक्या मायेने बघणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

आणि गेल्या हिवाळ्यात विहीणबाई आल्या. लुगडं नेसून, सगळे दागिने घालून मेण्यात बसल्या, पडदे बंद केले, आणि आम्ही "हुं हुं" करत वाडीच्या फाटकापासून नदीकाठच्या चौकीपर्यंत गेलो. कंबर मोडली, पण हौस कशी असते! व्याही बांबूपाशी ताठ उभे. चष्मा अर्थातच नाही. आम्ही मेणा टेकवला, शेठचा मेहुणा कंबर धरून घरी गेला. त्यांनी खाकरून आवाज लावला, "मेण्यात कोण आहे?"

आतून बारीक आवाज आला, "अहो, मी आहे."

आम्ही तोंडं फिरवून हसलो. व्याही पडद्याजवळ वाकून कुजबुजले, "तू बोलायचं नसतं. परक्या पुरुषाशी नाही बोलत."

"बरं, नाही बोलत. पण मला इथे काहीच दिसत नाही हो. नदी कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे."

"आणि तुम्ही?"

"उजवीकडे."

"मग मी तोंड कुठे करून बसू? दोन्हीकडे पडदाच आहे."

मी त्यांना इतकं अडचणीत सापडलेलं कधी पाहिलं नव्हतं. सरदाराच्या बायकोच्या मेण्याचा पडदा चौकीच्या हवालदाराने उघडायचा म्हणजे त्याचं मुंडकंच जायचं. इतकी वर्षं ज्या माणसाने एक प्लास्टिकचं बटण खपवून घेतलं नव्हतं, एका शिपायाला तलवार उपसू दिली नव्हती, त्याने आता काय करावं? शेठ हळूच म्हणाले, "जाऊ द्या ना. कोन बगतंय?" ते व्याह्यांच्या कानांत शिरलंच नसावं. ते पडद्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, एका बाजूची गाठ सोडली, वळसा घालून दुसऱ्या बाजूची सोडली, आणि दोन्ही पडदे मेण्यावर भिरकावून दिले. "हे चूक आहे," आमच्याकडे वळून ते मोठ्याने म्हणाले. "हे साफ चूक आहे. लक्षात ठेवा." आणि मेण्याला टेकून गवतावर बसले.

"असू द्या हो," विहीणबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं बरोबर वागलात की."

तो दिवस आमच्या चौकीतला सर्वांत खोटा आणि सर्वांत सुखाचा दिवस. विहीणबाई मेण्यातून पाय बाहेर सोडून बसल्या आणि त्यांनी कारभार हातात घेतला. डॉक्टरांना म्हणाल्या, "ती तलवार काढा बघू एकदा. आत गुदमरली असेल." डॉक्टरांनी अशी काही उपसली की त्यांचंच मुंडासं उडून नदीत पडलं, आणि ते आणायला शिपाई गुडघाभर पाण्यात. शेठनी त्यांच्या गावाकडची लग्नातली गाणी म्हटली. भाकऱ्या मी भाजल्या. त्यातल्या काही खाता आल्या. व्याही मेण्याशेजारून हलले नाहीत. विहीणबाई बगळ्यांवर काहीतरी बोलत होत्या, हे मान डोलावत होते. उन्हं उतरेपर्यंत दोघं तशीच बसून होती. जकात त्या दिवशी कोणीच वसूल केली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात विहीणबाई गेल्या. दुखणं फार लांबलं नाही. माझी मुलगी अजून सासूची आठवण निघाली की उठून आत जाते. व्याही दुकानात येऊन बसत, भिंगं पुसत, पण गिऱ्हाइकाला त्याचं मूळ गाव विचारीनासे झाले. कोणी विमानतळाचं काढलं तरी नुसते "हो का" म्हणत. मला तो त्यांचा शहाणपणा बघवत नसे. थंडी पडू लागली तसा मी एकदा मुद्दाम गेलो. त्यांनीच विषय काढला. "व्याही, यंदा चौकी लावायची ना?"

"लावू की!"

"पण पेशवाईतली नको."

"मग कुठली?"

"गेल्या वर्षीची," ते म्हणाले.

आम्ही लावली. मेणा त्याच जागी टेकवला, पडदे आधी बांधले, मग त्यांनी सोडले. डॉक्टरांनी तलवार उपसली आणि मुंडासं आपल्या हाताने नदीत टाकलं. शेठनी तीच गाणी म्हटली. मध्येच आवाज गेला तेव्हा थांबून पुन्हा सुरू केली. मी भाकऱ्या भाजल्या, तशाच. मग व्याह्यांनी पिशवीतून एक गाठोडं काढून आमच्यापुढे सोडलं. त्यात तीन लुगडी होती. एक हिरवं, एक अंजिरी, एक हळदी. "त्या दिवशी यातलं कोणतं नेसली होती?" त्यांनी विचारलं. "ते मेण्यात ठेवायचं आहे."

"हिरवा," शेठ म्हणाले. डॉक्टर म्हणाले, अंजिरी, शंकाच नाही. मला हळदी आठवत होतं. अजूनही तेच आठवतं. फोटो कोणाकडेच नाही, काढू कोण देत होतं? व्याह्यांनी प्रत्येकाचं नीट ऐकून घेतलं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या पागोट्याला किती पेच होते ते हा माणूस छातीठोक सांगत असे. तो आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता, आणि मला मान वर करवेना.

"बरं," ते म्हणाले. पिशवीतला चष्मा चाचपून लुगड्यांवरून हात फिरवला. मग विचारलं, "पण हसत होती ना?"

"हसत होत्या," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

त्यांनी मान हलवली, तिन्ही लुगडी उचलून मेण्यात ठेवली आणि शेजारी गवतावर जाऊन बसले.